शकूच्या शेळीला तीन

तूर फुलावर आली की माझा स्वभाव बिघडतो. घरातल्यांना हे आता माहीत झालं आहे. दिवाळीच्या डब्यांच्या तळाशी शेव-चिवड्याचा चुरा उरलेला असतो, सकाळी अंगावरची वाकळ सोडवत नाही, किल्ल्याकडून येणारा वारा कोरडा होऊन ओठ फोडायला लागतो आणि आमच्या घरामागच्या रानात तुरीच्या शेंड्यांना पिवळी फुलं लागतात. परंड्याला आलेल्या पाहुण्यांना हे दिवस फार आवडतात. मला नाही आवडत. पावसाळ्याच्या तोंडाला बोकड दाखवलेल्या शेळ्या याच दिवसांत व्यायला लागतात. त्या नुसत्या माझ्याच गोठ्यात व्यायल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. त्या शकूच्याही गोठ्यात व्यातात.

शकू माझी धाकटी बहीण. ईटच्या रस्त्यावरून आत वळलं की तिची वस्ती लागते. तिचा फोन येतो तो सकाळीच, माझे हात दुधाच्या भांड्यात असताना, आणि ती फोनवर हॅलो वगैरे म्हणत नाही. "आक्का, व्याली गं! तीन! तिन्ही बी धडधाकट!" मागून करडांचं बारीक ओरडणं ऐकू येतं. तिची सून हसत असते, कुणीतरी गूळ मागत असतं, भांडं पडल्याचा आवाज येतो. त्या घरात शांतपणे काही होतच नाही. फोन ठेवून मी माझ्या शेळ्यांकडे जाते. तिथं आईच्या पोटाखाली एक करडू उभं असतं. एकटंच. गुबगुबीत, काळंभोर, पाय रोवून. एक थान पिऊन कंटाळा आला की ते दुसरं पितं. त्याला कुणाला ढुशी द्यावी लागत नाही की कुणाची खावी लागत नाही. मला त्याचा राग येतो. त्या बिचाऱ्यानं माझं काय केलेलं असतं?

त्यात आमच्या जिल्ह्याची शेळी नावाजलेली आहे तीच मुळी जुळ्यांसाठी. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, एस.टी.च्या पाट्या बदलल्या, कचेऱ्यांवरचे फलक बदलले; शेळीचं नाव मात्र अजून उस्मानाबादीच आहे. काळी, उंच पायांची, लांब कानांची. एखादीच्या कानावर चुन्याचे शिंतोडे उडाल्यागत पांढरे ठिपके, एखादीच्या गळ्याखाली लोंबत्या दोन गाठी. लांबलांबून माणसं ही शेळी न्यायला येतात आणि दावणीला उभं राहून पहिला प्रश्न हाच विचारतात, "जुळं देती का?" अशा मुलखात राहून, हीच शेळी पाळून, माझ्या दावणीला वर्षानुवर्षं एकच करडू. कधी चुकून जुळं झालं तर मी आठवडाभर गल्लीतून मान वर करून हिंडते. पुढच्या वेताला पुन्हा एक.

याला सुरुवात झाली ती ईटला, मायच्या घरी. त्या हिवाळ्याची आठवण काढायला मला काही करावं लागत नाही. कुणाच्या घरातून ओव्याच्या धुरीचा वास आला तरी पुरतं. मी सुमीला, माझ्या लेकीला, घेऊन माहेरी होते आणि माझ्या पाठोपाठ शकूही बाळंत झाली होती. दोघींचंही पहिलंच बाळंतपण. मागच्या पडवीत कुडाच्या अलीकडे आम्ही दोघी आणि पलीकडे मायच्या शेळ्या. त्याही त्याच दिवसांत व्यायल्या होत्या. इकडून धुरीचा वास, तिकडून लेंड्यांचा आणि ओल्या करडांचा. शकूचं पोरगं रडलं की करडू ओरडायचं, करडू ओरडलं की माझी सुमी जागी व्हायची, आणि कुणाकडे आधी धावावं हे न कळून माय मधेच कमरेवर हात देऊन उभी राहायची. "चारी बाजूनं 'म्यां म्यां'च," म्हणायची. आम्ही दोघी वाकळेत तोंड खुपसून हसायचो. टाके दुखायचे तरी हसायचो. सकाळी ऊन पडवीत आलं की करडं कुडाखालून आत घुसायची, बाजेवर चढायची, खारीक-खोबऱ्याच्या लाडवाला तोंड लावायची. शकू त्यांना हाकलायची नाही. तिच्या लाडवातला निम्मा करडांनीच खाल्ला असेल.

शकूचा मला त्या दिवसांत हेवा वाटत नव्हता. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण तो आमच्या आयुष्यातला शेवटचा हिवाळा, ज्यात तो वाटत नव्हता.

मायची एक रीत होती. पहिलं बाळंतपण उरकून लेक सासरी निघाली की तिच्याबरोबर एक पाट द्यायची. पाट म्हणजे अजून न व्यायलेली, कोवळी शेळी. साडी-चोळी, बाळंतविडा हे सगळे देतातच. माय शेळी द्यायची. "लेकराला दूध व्हईल, अन् बाईच्या हाताला तिचं म्हणून कायतरी ऱ्हाईल," असं तिचं म्हणणं. नवरा, सासू, दीर कुणीही त्या शेळीकडे बोट दाखवायचं नाही. तिची करडं बाईची, तिचं दूध बाईचं. त्या हिवाळ्यात द्यायच्या होत्या दोन, कारण लेकी दोन. आणि मायच्या दावणीला दूध तुटायला आलेल्या माद्याही नेमक्या दोनच होत्या. एक होती एकुलती. तिच्या आईला ती एकटीच झाली होती. भरल्या अंगाची, चमकदार, टाप टाकत चालणारी. दुसरी तिळ्यातली. तिचे दोन्ही भाऊ तिला ढकलून आधी प्यायचे, उरलंसुरलं हिला. अंग मांजराएवढं, पाय काड्या, डोळे तेवढे मोठे.

"थोरलीनं आधी उचलायचं," माय म्हणाली. "अन् नंतर भांडू नगा, बायांनो."

मी मोठी उचलली. कुणीही तीच उचलली असती. आजही आमच्या बाजारात जाऊन बघा, माणसं करडाच्या पाठीवरून हात फिरवतात, पोटाखाली हात घालून उचलतात आणि जे हाताला जड लागेल ते घेऊन घरी जातात. आणि मग जुळ्यांची वाट बघत बसतात. करडू जड का आहे, याचा विचार त्या वेळी कोण करतो? ते पोटात एकटं होतं म्हणून जड होतं, थानाला एकटं होतं म्हणून जड होतं. आणि जे किडकिडीत होतं, ते तिघांत वाटून खाऊन आलेलं होतं. हे शहाणपण मला फार उशिरा आलं, शकूच्या 'मांजरी'ला पहिल्या वेताला दोन आणि दुसऱ्या वेताला तीन झाल्यावर.

त्या वेळी शकू काय म्हणाली होती ते मला जसंच्या तसं आठवतं. "घे की आक्का, तू थोरली. मला ही बी चालतीया. डोळं बघ की हिचं." आणि ते काड्यांचं गाठोडं पदराखाली घेऊन ती एस.टी.त बसली होती. माझी पाट ऐटीत टपावर गेली. मायनं सांगितल्याप्रमाणे आम्ही भांडलो नाही. तेव्हापासून मी एकटीच भांडते आहे.

बरं, शकू शेळ्यांचं काही विशेष करते असं म्हणावं, तर तेही नाही. माझ्या गोठ्यात या, रोज झाडलेला असतो. शेवरी, सुबाभूळ, तुरीचा पाला बांधून टांगलेला असतो, खाली टाकून तुडवू देत नाही. मक्याचा भरडा वेळेवर, चाटायला मिठाची वीट, जंताचं औषध ज्या त्या महिन्याला. गाभण शेळीला मी थंड पाणीसुद्धा पाजत नाही. शकूच्या शेळ्या बांधावरच्या बाभळीखाली बांधलेल्या असतात आणि सोडायची आठवण झाली तर सोडलेल्या असतात. त्या तिच्या वाकळेवर झोपतात. तिच्या नातवाच्या वह्या खातात. जंताच्या औषधाचं विचारलं तर म्हणते, "दिलं आसंल की गं, दिवाळीच्या आधी कवातरी." आणि तिला जुळी होतात, तिळी होतात. मी हे बघून आले की दोन दिवस घरात कुणाशी धड बोलत नाही. मेहनतीला फळ असतं म्हणतात. फळ शकूच्या अंगणात पडतं आणि मेहनत माझ्या अंगणात.

आमचे हे शाळेत कारकून होते, आता निवृत्त आहेत. ते व्हरांड्यात पेपर वाचता वाचता म्हणतात, "एक असलं म्हणून काय झालं, तुझं करडू वजनाला भारी असतं. तीन महिन्यांत शकूच्या दोघांइतकं होतं." उंटावरून शेळ्या हाकायला यांना काय जातं. पण खोटंही नव्हे ते. बाजारात व्यापारी माझं करडू उचलतो आणि "बाई, खायला काय घालता?" असं विचारतो. दुसरी एखादी बाई त्यावर वर्षभर खूश राहिली असती. मी त्याच वेळी पलीकडे उभ्या असलेल्या शकूकडे बघते. तिच्या हातात दोन दावी, नाहीतर तीन.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणीतरी एकदा म्हणालं होतं, "आक्काबाईंच्या घरी सगळं एकेकच." सगळ्या हसल्या. शकूला दोन मुलगे आणि एक मुलगी. मला एकटी सुमी. सुमी उमरग्याला एका दवाखान्यात नर्स आहे, तिचा फोन आला की माझा दिवस चांगला जातो. मला दुसरं मूल हवं असं कधी वाटलं नाही, तेव्हाही नाही, आताही नाही. तरी ते हसणं मला लागलं. आणि सगळ्यात जास्त लागलं ते हे, की शकू हसली नाही. ती त्या बाईवर उखडली. "सुमीसारखी एक व्हईल का तुमाला? आं?" म्हणाली. तिनं माझी बाजू घ्यावी एवढी वेळ माझ्यावर आली, याचं मला रडू आलं.

मी काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. 'खाण तशी माती' म्हणतात ना, तर मी खाणच बदलून बघितली. शकूच्या तिळ्यातला एक बोकड पैदाशीला म्हणून दोन महिने आणून ठेवला. काय त्याचा वास! उग्र, चिकट, धुतलेल्या साड्यांना, दाराच्या कडीला, ह्यांच्या पेपरला. सोसलं. गल्लीतल्या बायका पदर नाकाला लावून आमच्या दारावरून जायच्या. शेळी गाभण राहिली, पोट इकडून तिकडून सुटलं, मी रोज हात लावून बघायची, दोन आहेत की तीन. तूर फुलली, शेळी व्यायली, एक. भलं मोठं, त्या बोकडासारखंच लांब कानांचं. मी त्याला कोरडं केलं, चीक पाजला आणि मग घरात जाऊन भांडी आपटली.

लसी टोचायला जनावरांच्या दवाखान्यातून एक डॉक्टरबाई येतात. तरुण आहेत, बडबड्या आहेत. करडाला झोळीत घालून ताणकाट्याला अडकवतात आणि वजन मोठ्यानं सांगतात. मी त्यांना सरळच विचारलं, "डॉक्टरबाई, ह्ये रक्तात असतंय का?" त्या म्हणाल्या, "काकू, वाढीचा गुण बऱ्यापैकी उतरतो. मोठ्या आईबापांची करडं पुष्कळदा चांगली वाढतात. पण किती करडं होणार हे रक्तातून फार थोडंच उतरतं. बोकड दाखवायच्या वेळी शेळीचं अंग कसं होतं, कितवं वेत आहे, पाऊसपाणी कसं होतं, यावरच जास्त. आणि थोडं आपलं नशीब." मग हसून म्हणाल्या, "एका आईची, एका दिवसाची दोन करडं तरी कुठं सारखी वाढतात? फरक असतो म्हणून तर निवडता येतं."

त्यांनी चांगल्या मनानं सांगितलं, पण त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. रक्तात असतं तर बरं झालं असतं. मग मी म्हटलं असतं, मायनं दिलेली शेळीच तशी, आपण काय करणार. आता तेही गेलं. एका आईच्या पोटच्या आम्हीही दोघी. एकाच चुलीवरचं खाल्लं, एकाच वाकळेत झोपलो. फरक असतो म्हणून निवडता येतं म्हणे. आमच्यात कुणी निवडायला बसलं असतं तर कुणाला उचललं असतं, हे मला विचारायची गरज नाही. मायचे डोळे शकू दारात आली की कसे व्हायचे ते मी बघितलेलं आहे.

आता तिचं सांगते, जिला आम्ही तिसरी म्हणतो.

मागच्या नव्हे, त्याच्या मागच्या हिवाळ्यात माझी शेळी सकाळी व्यायली. एक बोकड. मी त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसत होते तेवढ्यात दारात शकूच्या पोराची मोटारसायकल थांबली. मागच्या सीटवर शकू, मांडीवर बाजाराची पिशवी, पिशवीतून स्वेटरची एक बाही बाहेर आलेली. तिनं पिशवी माझ्यापुढं ठेवली. स्वेटरमध्ये करडू होतं. कालचंच. मान टाकलेली, जीभ गार.

"तिळ्यातलं हाय," शकू म्हणाली. तिचा आवाज बसला होता. "दोन थानं अन् तीन तोंडं, आक्का. दरसाली तिसरं असंच जातंय माजं. बाटलीनं पाजून बघितलं, ते बी घेईना. तुज्या शेळीला दूध लई. हिला तेवढं एक थान दे."

दरसाली तिसरं जातं, हे तिनं मला आजवर सांगितलं नव्हतं. फोनवर ती जन्माचं सांगायची. पुढचं मी कधी विचारलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर ते ऐकून माझ्या मनात आधी आलं ते वाईट वाटणं नव्हे. आधी आलं ते असं, की म्हणजे तुलाही शेवटी दोनच. मग त्या गार जिभेला बोट लागलं आणि मी उठले.

शेळी दुसरीचं करडू घेत नाही. वास घेते आणि शिंगावर घेते. पण ती नुकतीच व्यायलेली असेल तर एक करता येतं. तिच्या अंगातून पडलेला ओला चिकटा गोळा करायचा आणि परक्या करडाला डोक्यापासून शेपटीपर्यंत चोळायचा. मी तो चोळला. शकूनं शेळीची मान धरली. मी आपल्या बोकडाला जरा मागे घेतलं आणि ते स्वेटरमधलं काड्यांचं गाठोडं शेळीच्या तोंडापुढं ठेवलं. शेळीनं हुंगलं. आम्ही दोघी श्वास धरून. शेळीनं पुन्हा हुंगलं आणि मग जीभ काढून ती चाटायला लागली, कान, डोळे, पाठ, आणि घशातून तो बारीक आवाज काढायला लागली, जो व्यायलेल्या शेळीशिवाय कुणी काढत नाही. शकू रडत होती. मी विचार करत होते की आता माझ्या शेळीलाही शकूचंच उरलेलं चाटावं लागतंय.

पिल्लू दुपारपर्यंत थानाला लागलं. संध्याकाळी ते उभं राहिलं. चहा पिऊन शकू निघाली तेव्हा मी नुसतं म्हटलं, "जगली तर बघू." करडू कुणाचं, हे शकू बोलली नाही, मीही बोलले नाही.

ती जगली. नुसती जगली नाही, वाढली. पूर्ण एक थान, भांडायला कुणी नाही, वर माझा भरडा आणि शेवरी. संक्रांतीच्या आत तिनं वजनात माझ्या बोकडाला गाठलं. कातडी रेशमासारखी काळी झाली, मागचे पाय भरले, कानांवर पांढरे ठिपके उमटले. डॉक्टरबाईंनी झोळीत घालून काटा बघितला आणि म्हणाल्या, "काकू, हिला विकू नका हं. ही पैदाशीची आहे." मला माहीत होतं की. तिळ्याच्या घराण्यातली आणि माझ्या दुधावर वाढलेली. इतक्या वर्षांत मला जे हवं होतं ते माझ्या दावणीला उभं होतं, आणि ते माझं नव्हतं. रोज सकाळी मी तिच्या पाठीवरून हात फिरवायची आणि रोज मनात धाकधूक, आज शकू येईल आणि दावं सोडून घेऊन जाईल. रस्त्यावर मोटारसायकलचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून दाराशी जायची.

ती शिवरात्रीच्या सुमारास आली. मी तयारीत होते. काय काय बोलायचं ते मी पीठ मळताना, धुणं धुताना कितीदा म्हणून ठेवलं होतं. दूध माझ्या शेळीचं. चारा माझा. आणली तेव्हा ती मेल्यात जमा होती. अर्धलीनं शेळी सांभाळायला दिली तर सांभाळणाऱ्याला निम्मी करडं मिळतात, ही आपल्याकडची रीत. मग जीव वाचवणाऱ्याला काय? आणि थोरलीनं आधी उचलायचं, हे मायनंच सांगितलेलं. एवढं सगळं ओठांवर घेऊन मी तिला पिठलं-भाकरी वाढली, ठेचा वाढला, दही वाढलं. तिनं पोटभर खाल्लं, सुमीची चौकशी केली, सुनेच्या कागाळ्या सांगितल्या. मग हात धुवून ती गोठ्यात आली.

"आगं बया," म्हणाली, "ह्यी ती? वळखू ईना की!" तिनं तिसरीच्या तोंडावरून हात फिरवला, कान धरून बघितले, कौतुकानं तिच्या पाठीवर थाप मारली. आणि पदर सावरून दाराकडे वळली.

"न्यायची नाही का?" मीच विचारलं. विचारायला नको होतं, पण ते निसटलं.

"कुणाला, हिला?" शकू हसली. "आगं, ती तुजीच की. म्या पिशवीतनं काढली तवाच सोडली. मी कशाला नेऊ? माज्याकडं हायती की लई."

माज्याकडं हायती की लई. मोटारसायकल वळणावरून दिसेनाशी झाली तरी मी तिथंच उभी. सगळे मुद्दे तसेच तोंडात राहिले. ती भांडली असती तर मी जिंकले असते. माझं म्हणणं रास्त होतं. मला तिसरी मिळाली आणि त्या संध्याकाळी मी शकूवर जेवढी चिडले तेवढी आयुष्यात चिडले नव्हते. सहज देऊन टाकता येणं, दिल्यावर मागे वळूनही न बघणं, हेही तिच्याकडेच. शेळ्यांचं एक वेळ मी सोसलं असतं. हे कुठून आणायचं? याला कुणाचा बोकड आणून दोन महिने दारात बांधायचा?

गेल्या हिवाळ्यात तिसरीचं पहिलं वेत झालं. एक. मी कुणाला सांगितलं नाही. ह्यांनीच शकूला सांगून टाकलं. तिचा लगेच फोन. "आक्का, पैल्या वेताला एकच आसतंय. मन छोटं करू नगंस." मी करणारच होते. माझ्या गोठ्याचा गुण तिला लागला, असं मी स्वतःशी म्हणत होते. माझ्या हातालाच एक.

आणि आज सकाळी.

तुरीवर दव होतं, फुलांचा पिवळा रंग दवानं गडद झाला होता. गोठ्यात पाय ठेवला तर तिसरी मागचे पाय आवळून उभी. मी पोतं अंथरलं. पहिलं आलं, तोंड पुढच्या पायांवर ठेवून, अगदी सुरळीत. पाट. मी तिला पुसते आहे तोवर दुसरं. बोकड. जुळं झालं होतं, पुरे होतं, मी भाकरीवर गूळ घेऊन शेळीला भरवणार, तेवढ्यात ती पुन्हा कण्हली. तिसरं आलं. पाटच. बारीक. काड्यांसारखे पाय. मी त्याच्या नाकात गवताची काडी घातली, ते शिंकलं. मी ह्यांना हाक मारली, ती अशी की शेजारचीही माणसं धावत आली. ह्यांनी चष्मा पुसून मोजली. पुन्हा मोजली. कुणाला कुठलं थान, हा प्रश्न आहेच. बाटली उकळायला ठेवली आहे. शेजारच्या गोठ्यात एक शेळी कालच एकट्या करडाला व्यायली आहे, तिथंही विचारून आले आहे. हे सगळं केलं आणि मग हात धुवून, पदराला पुसून, फोन घेतला. एवढ्या वर्षांत हा फोन मी कधी केला नव्हता.

"शके," मी म्हटलं, "तिसरी व्याली. तीन."

दर हिवाळ्यात तिचं 'तीन' ऐकल्यावर 'बरं झालं' म्हणायला मला एक क्षण लागायचा. गिळायला लागावा तेवढाच. तिच्या कधी ध्यानात आला नसेल, पण मला तो क्षण चांगला ओळखीचा आहे. आज तो मला तिकडून ऐकायचा होता. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला होता.

"आगं बया बया बया!" शकू ओरडली. माझा शब्द पुरता संपलाही नव्हता. "आरं ऐकलं का रं, आक्काच्या शेळीला तीन! तीन! आक्का, पाट किती, बोकड किती? गूळ दिलास का? दोन पाटा? आयला, माज्या आक्काच्या घरी दोन पाटा!" ती हसत होती आणि बहुतेक रडतही होती. तिकडे भांडं पडल्याचा आवाज आला, सून काहीतरी विचारत होती, आणि शकू तिला ओरडून सांगत होती की आज तिच्या हातून काम व्हायचं नाही, ती आधी परंड्याला जाणार.

ती दुपारी येते आहे, तिन्ही करडं बघायला. मी पुरणाला डाळ घातली आहे. एकदाच, बोटभर जरी तिला माझा हेवा वाटला असता, तर मी तिच्यावर केवढी माया केली असती.